रोममधली लंगडी शेळी

माझ्या बाबांनी रोम कधी पाहिलं नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली, पण फुकट पास असूनही ते कधी जबलपूरच्या पलीकडे गेले नाहीत. तरी आमच्या सक्करदऱ्याच्या घरात रोमचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नसे. स्वयंपाकघराच्या दाराशी कुठल्याशा विमान कंपनीचं जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर कोलोझियमचं चित्र. वर्ष संपलं, पुढची कितीतरी संपली, पण ते कॅलेंडर बाबांनी कोणाला काढू दिलं नाही. येता-जाता आई त्यालाच हात पुसायची, त्यामुळे कोलोझियमचा खालचा मजला हळदीनं पिवळा झाला होता.

"एक दिवस तुले रोम दाखवीन वं," बाबा म्हणायचे.

"आधी रामटेक दाखवा," आई म्हणायची.

हे रोमचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं ते मला सांगता येणार नाही. पण गोपिकाताई घरातून गेल्यावर काही वर्षांनी लागलं एवढं नक्की. म्हणून आधी ताईचं सांगते.

गोपिकाताई माझी मोठी बहीण. मास्तरीण होण्यासाठी शिकत होती आणि शिकता शिकता तिनं शालिकराम नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा हुशार, सुपारीचंही व्यसन नाही, शाळेत नोकरी लागलेली. खोट काढायला कुठं जागा नव्हती, म्हणून आमच्या लोकांनी जात काढली. शालिकरामच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर बुद्धाचा धम्म घेतला होता, आणि आम्ही पडलो खाप्याचे कुणबी. खाप्याहून रुपरावकाका तडक आले. माझा मोठा भाऊ वसंत, त्याला तेव्हा नीट मिसरूडही फुटलं नव्हतं, पण अख्ख्या खानदानाची अब्रू त्याच्या अंगात संचारली. ताईचं लग्न लागलं त्या दिवशी काकानं आणि भाऊनं अंगणातल्या टाक्यावर तिच्या नावानं आंघोळ केली, माणूस मेल्यावर करतात तशी. बाबांनाही करायला लावली. ओल्या धोतरात कुडकुडत उभे असलेले बाबा मला अजून दिसतात.

आईनं मात्र आंघोळ केली नाही.

"माही लेक जित्ती हाय," ती म्हणाली. "जित्त्या माणसाची आंघोळ मी नाही करत."

तेवढंच बोलली. त्यानंतर ताईचं नाव घरात कोणी काढायचं नाही असं ठरलं. ठरवलं काकानं आणि भाऊनं, पाळलं सगळ्यांनी. ताई नवऱ्याबरोबर भिवापूरकडे राहायला गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जात होते.

पुढे मी मॅट्रिक झाले, टेलिफोन ऑफिसात चिकटले. भाऊ कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये लागला, तिथल्या कॉलनीत त्याला क्वार्टर मिळालं. घरात आम्ही तिघं उरलो. आणि बाबांनी दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीच्या वाचनालयात जायला सुरुवात केली. तिथे रोमवरचं एक जाडजूड पुस्तक होतं म्हणे. त्यातलं थोडं थोडं वाचून यायचं आणि जेवताना आईला सांगायचं, असा त्यांचा नेम झाला. आम्ही दोघी त्या नेमाला सोकावलो. गुरुवारची भाजी कितीही बिघडलेली असली तरी गोड लागायची.

राजे, लढाया, वाघसिंहांशी झुंजणारी माणसं, हे सगळं बाबा सांगायचे. पण आईला त्यात गोडी नव्हती. तिला एक पिवळं घर आवडायचं. रोममधल्या एका अरुंद गल्लीत हे पिवळं घर, त्याला निळं दार. दारासमोर सार्वजनिक नळ. शेजारची एक लंगडी शेळी दिवसभर त्या नळाखाली तोंड लावून उभी. घरातली बाई संध्याकाळी पायरीवर बसून तांदूळ निवडते. तिची एक लहान पोरगी आहे, मोठी नखरेल. दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून एकाच हातात घालते आणि वाजवत हिंडते.

"रोममधल्या बाया तांदूळ निवडतात?" आईनं एकदा विचारलं.

"बाया सगळीकडंच निवडतात," बाबा म्हणाले.

"आन् बांगड्या?"

"त्या बी घालतात."

मी कॉलेजात न गेलेली असले तरी बिनडोक नव्हते. मला वाटे, बाबा आईला रमवायला पदरचं घालून सांगतात. त्यात वाईट काय होतं? आमच्या घरात दुसरं हसण्यासारखं होतंच काय? आई मात्र सगळं खरं धरून चालायची. शेळीचा पाय बरा झाला का, पोरगी शाळेत जायला लागली का, हे ती दर गुरुवारी विचारी, आणि बाबा पुस्तकात पाहून आल्यासारखे सांगत.

एका गुरुवारी बाबा उशिरा आले. डोक्याचे केस ओले होते, सदऱ्याची कॉलर ओली होती.

"अवेळी आंघोळ?" आईनं विचारलं.

"ऊन लागलं. रस्त्यातल्या नळाखाली डोकं धरलं."

ताट वाढलं तरी त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाले, "कौसल्या, ते रोममधली बाई गेली वं. पिवळ्या घरातली."

"कुठं गेली?"

"वारली. तापाचं निमित्त झालं."

आणि आमचे बाबा रडायला लागले. तोंडावर पंचा धरून, खांदे गदगदा हलवत. मी घाबरले. आईला आधी हसू आलं, मग तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अवो, पुस्तकातल्या बाईसाठी कोनी उपाशी राहते काय? उगी राहा. जेवून घ्या." तिनं स्वतः भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. बाबा जेवले. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास उतरवत जेवले.

पुढे गुरुवार चालू राहिले, पण गोष्टीत आता शेळी आणि पोरगीच उरली. "आता त्या पोरीचं कोन करते?" आई विचारायची. "बाप करते. चांगला माणूस हाय," बाबा सांगायचे आणि विषय बदलायचे.

बाबा गेले ते एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात. रात्री झोपले, सकाळी उठले नाहीत. कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाही, तसेच गेले.

दहावा खाप्याला, कन्हानच्या काठी. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, पण आई हट्टानं आली, तिच्यासोबत मीही. पिंड मांडला. कडुनिंबावर कावळे ही गर्दी करून बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाही. कावळा शिवला नाही म्हणजे जाणाऱ्याची इच्छा अडकून राहिली. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि पुरी करण्याचा शब्द मोठ्यानं द्यायचा, ही रीत. रुपरावकाकानं हात जोडून, बाबांचं नाव घेऊन सुरुवात केली.

"नानाजी, नीलाचं लगन करून देऊ गा!"

कावळे हलले नाहीत. माझ्या लग्नाचा उत्साह त्यांनाही नव्हता. ताईमुळे माझं लग्न अडलं असं सगळे म्हणत. खरं म्हणजे ते माझ्या तोंडामुळे अडलं होतं.

"खाप्याचं वावर इकणार नाही!"

काही नाही.

"कौसल्येले कोनी दुखवणार नाही!"

काही नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागला. एक नाव सगळ्यांच्या ओठावर होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती. शेवटी भाऊ पुढे झाला, बाबांचं सगळ्या गणगोताला ठाऊक असलेलं वेड त्याला आठवलं, आणि तो ओरडला, "बाबा, मी आईले रोम दाखवीन!"

एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. काकानं भाऊची पाठ थोपटली. आई मात्र डोळे उघडून त्या कावळ्याकडे अशी पाहत राहिली, जणू तिचं काहीतरी त्यानं उचलून नेलं होतं.

शब्द दिला म्हणजे दिला. त्यात चारचौघांत, पिंडासमोर. भाऊ वाईट माणूस नाही, पण त्याला आपलं नाव झालेलं आवडतं, आणि आईला रोमला पाठवणारा मुलगा म्हणून कोराडीपासून खाप्यापर्यंत त्याचं नाव झालं. मुंबईच्या एका सहल कंपनीत त्यानं आईचं आणि माझं नाव नोंदवलं. त्याला स्वतःला रजा नव्हती. ब्याऐंशीच्या मे महिन्यात आई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. शेजारपाजारच्या बायकांनी तिची ओटी भरायची की नाही यावर खल केला, कारण ती विधवा. मग नुसतीच साखर दिली.

सहलीत पुष्कळ शहरं होती. आईनं ती बसच्या काचेतून पाहिली, खाली उतरली नाही. "ह्यायचं कोनी बोललं नव्हतं," ती म्हणायची आणि पदर डोक्यावर ओढून झोपायची. शेवटी रोम आलं. त्या सकाळी ती माझ्या आधी उठून, वेणी घालून, बूट चढवून तयार होती.

रोमचं मे महिन्यातलं ऊन. सहलीतले पुण्या-मुंबईचे लोक हाश्शहुश्श करत होते, आम्हा दोघींना ते माघासारखं वाटलं. कोलोझियमसमोर आई हात जोडून उभी राहिली, कारण कॅलेंडरमुळे तिची त्याच्याशी ओळख होती. मग बारकाईनं पाहून म्हणाली, "अर्धं पडलं हाय की वं. दुरुस्त काहून नाही करत?" पोपच्या मोठ्या देवळात एका काशाच्या संताचा पाय लोकांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेला आहे. तिनं तो पाय पाहिला, कोणी न सांगता हात लावला आणि कपाळाला टेकवला. मला तिचं कौतुक वाटलं. सगळ्या गटात तेवढी एकटीच तिथे परकी दिसत नव्हती.

पण ती पाहत होती ते वेगळंच. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तिची मान वळायची. दुपारी आम्ही जुन्या वस्तीतून चालत होतो. रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ, पाणी अखंड वाहतं आहे. तो पाहिला मात्र, आईनं माझा दंड धरला.

"नळ! नीला, नळ हाय. म्हंजे घर इथंच कुठंतरी असन."

"कोणतं घर?"

"पिवळं. निळ्या दाराचं."

मी समजावेपर्यंत ती गल्लीत शिरलीसुद्धा. तिथली तर सगळीच घरं पिवळी. ती प्रत्येक दारासमोर थांबे, रंग पाही, पुढे जाई. एका फळवाल्याला तिनं आपल्या नागपुरी बोलीत विचारलं, "भाऊ, इथं लंगडी शेळी कोनाची हाय?" त्याला कळेना, म्हणून तिनं एक पाय उचलून लंगडून दाखवलं आणि शेळीचा आवाज काढला. फळवाला हसला. मागून आलेला आमचा गटही हसला. सहलीचा व्यवस्थापक घड्याळावर बोट आपटत म्हणाला, "आजी, रोममध्ये शेळ्या नसतात."

"होती. माह्या मालकानं पुस्तकात वाचली होती."

"मग मेली असेल."

मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुण्याचा होता, तरी त्याला कळलं.

संध्याकाळी आम्हाला एका मोठ्या कारंज्यापाशी नेलं. दगडाचे घोडे, दगडाचे देव आणि पुढ्यात निळं पाणी. व्यवस्थापकानं सांगितलं, पाठमोरं उभं राहून खांद्यावरून पाण्यात नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो. सगळे पाकिटं उघडू लागले.

"मले नाही यायचं परत," आई म्हणाली. "पाहिलं तेवढं पुरे." ती कठड्यावर बसली. जरा वेळानं तिनं माझ्यापुढे हात केला. "एक पैसा दे. दुसऱ्या कोनाले बोलवायचं असन तं चालते काय?"

"कोणाला?"

ती उठली. कारंज्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली, देवाला करतो तसं नाणं कपाळाला लावलं आणि खांद्यावरून मागे टाकलं.

"गोपी," ती मोठ्यानं म्हणाली. "घरी ये वं बाई."

बारा वर्षांनी ते नाव मी तिच्या तोंडून ऐकलं. तेही कुठे, तर रोममध्ये. मला रडू आवरेना. आई रडली नाही. माझा हात धरून तिनं मला शेजारी बसवलं.

"त्या दिवशी कावळा रोमसाठी नाही शिवला वं नीला. मी डोळे मिटून मनात म्हटलं, मी गोपीले घरी आनीन, तुमचा जीव तिच्यातच अटकला हाय हे मले समजते. माहं म्हननं संपलं आन् तिकून वसंता वरडला. कावळा आला. सगळ्यायनं रोमच धरलं. मी तेव्हाच बोलाले पायजे होतं. नाही बोलली. इतक्या दूर आली, पन नाही बोलली."

"आता बोलू आपण," मी म्हणाले. "भाऊ काय म्हणायचं ते म्हणू दे. आपण आणू ताईला."

"येईन ते?"

"नाही आली तर आपण जाऊ तिच्याकडे."

आईनं मान डोलावली. परतीच्या विमानात ती एकदाही झोपली नाही. ताईला कोणती भाजी आवडायची, तिला लहानपणी गोवर कसा आला होता, ती रुसली की कोठीच्या खोलीत कशी जाऊन बसायची, सगळं बोलत होती. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम वाहू लागलं. मला वाटलं, बाबांनी रोम रोम केलं ते फुकट नाही गेलं.

मुंबईहून गाडीनं नागपूरला उतरलो तर स्टेशनवर भाऊ हार घेऊन उभा. कोराडीच्या चार मित्रांनाही घेऊन आला होता. "काय पाहिलं आई?" तो विचारत राहिला. "सगळं पाहिलं," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेले आणि भिवापूरच्या एक्स्चेंजला ट्रंक लाइन जोडली. तिथला ऑपरेटर नुसत्या आवाजाच्या ओळखीचा, भला माणूस. त्यानं शाळेत विचारून सांगितलं, की शालिकराम मास्तरांची केव्हाच नागपूरला बदली झाली. आता इंदोऱ्यात राहतात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत.

इंदोरा. आमच्या घरापासून सायकलरिक्षानं जाण्यासारखं. मला हसावं की रडावं कळेना. ताई इतकी वर्षं याच गावात होती.

आईनं रोमला नेली होती तीच साडी नेसली, तेच पांढरे बूट घातले. सोबत भिवापुरी मिरच्यांचं पुडकं घेतलं, कारण ताईला त्या मिरचीचा आईच्या हातचा ठेचा आवडायचा. रिक्षात बसल्या बसल्या ती मला बजावत होती, "तू पयले बोलू नको. मी बोलतो. मी तिचे पाय धरीन, पन तिले घरी आनीन."

विहाराच्या मागची गल्ली अरुंद, रिक्षा आत जाईना. आम्ही उतरलो, चालू लागलो. वळण घेतलं आणि आई थबकली.

समोर सार्वजनिक नळ होता, तोटी मोडल्यानं सतत वाहणारा. त्याच्याखाली एक म्हातारी शेळी तोंड लावून उभी होती, मागचा एक पाय वर उचललेला. आणि नळासमोर घर. पिवळा चुना, निळं दार.

"नीला," आई हळूच म्हणाली. "शेळी पाहा."

मी पाहत होते.  आईचा चेहरा उजळत गेला. "अवं, तुहे बाबा इथं येत होते! वाचनालय वाचनालय करून इथं येत होते! लेकीचं घर सांगत होते मले, दर गुरुवारी!" ती हसायला लागली, भर गल्लीत, तोंडाला पदर लावून. "केवढे लबाड! आन् मी येडी रोममधी शेळी हुडकत होती."

दारातून एक मुलगी बाहेर आली. सातेक वर्षांची असेल. आम्हाला पाहून थांबली. डावा हात मोकळा, उजव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. तिनं हात हलवला, त्या वाजल्या.

आईचं हसू तिथंच थांबलं.

मलाही तेव्हाच आठवलं. तो गुरुवार, ओले केस, तोंडावरचा पंचा. 

"नीला," ती म्हणाली, "बाई तं वारली."

"आई, आत जाऊ आधी. विचारू."

"नाही. बाई वारली. तापानं." ती पायरीवर बसली, जिथे तांदूळ निवडले जायचे तिथे. मिरच्यांचं पुडकं मांडीवरून घरंगळून खाली पडलं.

शालिकराम बाहेर आले. केस पार पिकलेले. त्यांनी आईला ओळखलं, वाकून पाया पडले. आत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी ताईचा फोटो होता, त्याला हार. मला दारातूनच दिसला.

"तीन वर्षं झाली आई," शालिकराम म्हणाले. "नानाजी होते शेवटी. सगळं त्यायच्या हातानं झालं. रोमचं ते पुस्तक माह्यंच हाय. इथं बसून वाचायचे, गोपिका आयकायची. घरी सांगाची त्यायले हिंमत होत नव्हती. म्हणायचे, वसंता हाय, रुपराव हाय, पन मी थोडं थोडं सांगून राहिलो कौसल्येले." त्यांनी ताईच्या फोटोकडे पाहिलं. "गोपिका गेली त्या दिवशी नानाजी म्हणाले, आज सांगतो. पुढच्या गुरुवारी मी इचारलं, सांगतलं काय? म्हणाले, सांगतलं. मी म्हटलं, आईनं काय म्हटलं? म्हणाले, काही नाही, मले जेवाले लावलं."

ते रागानं बोलत नव्हते. पण तीन वर्षं या माणसानं आमच्याबद्दल काय समजून काढली असतील ते मला दिसलं. मी म्हणणार होते, की असं नाही, आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. बाबा भित्रे होते, त्यांनी मुलीचं मरणसुद्धा रोममध्ये नेऊन सांगितलं, आम्हाला काय कळणार? मला बाबांचा असा राग आला होता की ते समोर असते तर काय बोलले असते कोण जाणे.

आईनं मला हातानं गप्प केलं.

"खरं हाय," ती शालिकरामना म्हणाली. "सांगतलं होतं त्यायनं. माह्यासमोर रडले. मीच म्हटलं, पुस्तकातली बाई हाय, जेवून घ्या."

ती उठली. बुटांचे बंद सोडले, बूट पायरीवर नीट जोडून ठेवले. मग गल्ली ओलांडून नळाशी गेली. शेळी बाजूला सरकली. आई नेसत्या साडीनिशी नळाखाली बसली आणि तिनं डोक्यावर पाणी घेतलं. शेजारणी दारात आल्या. ती मुलगी माझ्याजवळ येऊन विचारू लागली, "ह्या आजी कपडे घालून आंघोळ काहून करून राहिल्या?"

मी तिचा बांगड्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी नळाकडे गेलो.